नाव नसलेली बटणं

“याचं नाव काय?”

मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या की पहिला प्रश्न हाच. मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्यावर पेन्सिल टेकवायच्या आणि बारशाला आल्यासारख्या उत्सुकतेनं माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचो, “टेम्प दोन.” “आणि टेम्प एक कुठे गेला?” ते मलाही माहीत नसायचं.

पनवेलला मिठाईच्या दुकानावर आमचं चार माणसांचं ऑफिस होतं. मॅडम पन्नाशीच्या, बँकेच्या संगणक विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या दारातली वाकडी चप्पलसुद्धा सरळ करून मगच आत जाणारी. तारीख तपासायचा तोच कोड मी सात ठिकाणी चिकटवला होता. “एका घरात सात चुली कशाला रे?” एवढंच म्हणाल्या. मला राग यायचा. चालतंय ना, मग झालं, असा माझा खाक्या होता.

द्रोणागिरीच्या एका गोदामासाठी आम्ही छोटं वेब ॲप केलं होतं. न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या ट्रकांची वेळ त्यावर ठरवायची. तोवर हे काम फोनवर चालायचं आणि फोनवर बसायचे उरणकडचे एक कोळी गृहस्थ, जन्मापासून अंध. ट्रकांचे नंबर त्यांना तोंडपाठ. मालकांनी सांगून टाकलं होतं, “पुढच्या महिन्यापासून फोन बंद. यांना ॲपवर जमलं तर ठेवू.”

ॲप दाखवायला आम्ही गेलो. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच शिकून घेतलं होतं. त्यांनी टॅबची कळ दाबली. स्पीकर म्हणाला, “बटन.” पुन्हा दाबली. “बटन.” पाचही वेळा नुसतं बटन. मी बटणांवर सुंदर चित्रं टाकली होती. त्यांना नावं द्यायचं सुचलंच नव्हतं.

ते ओशाळून हसले. “माझाच काय तरी चुकताय.”

“तुमचं नाही, आमचं चुकतंय,” मॅडम म्हणाल्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आमचे साहेब कुरकुरले, “एका माणसासाठी एवढं?”

“दिवसभर वापरणारा तोच एक आहे ना?” मॅडमनी विचारलं. साहेबांनी आठ दिवस दिले.

ते आठ दिवस माझा माऊस मॅडमच्या ड्रॉवरमध्ये होता; त्या गृहस्थांसारखं मीही नुसत्या कळांवर ॲप चालवायचं. घाईत मी सगळ्या बटणांना ‘बटन’ हेच नाव दिलं, तर स्पीकर “बटन बटन” करू लागला. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकेक नाव मला मोठ्यानं म्हणायला लावलं: गाडीचा नंबर, वेळ निवडा, नक्की करा.

नवव्या दिवशी त्या गृहस्थांनी एक ट्रक लावला. मग दुसरा. आम्ही मागे श्वास रोखून उभे.

“गप का झालात सगले?” ते म्हणाले. “सोपा तर हाय!”

बाहेर आल्यावर मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. “सोपं म्हणाले. आणखी काय पाहिजे?” त्या गृहस्थांची नोकरी टिकली. त्यानंतर मी मोठमोठी कामं केली, पण अभिमानानं सांगतो ते हेच.

मॅडम पुढे लेकीकडे नाशिकला गेल्या. त्यांच्यामागे मी पहिल्यांदा ॲप बदललं, तेव्हा गोदामातून फोन आला. “बाईंनी बगितलाय का?”

“बाई आता नसतात. मी बघितलंय.”

बराच वेळ फोनवर नुसते कळांचे आवाज येत राहिले.

“चालताय,” ते म्हणाले. “बाईंना कलवा.”