वजनकाट्यावरचा कर्नेल

श्रीगोंद्याच्या रस्त्यावर मळीचा वास आला की मला साखर कारखान्याचा तो वजनकाटा आठवतो. काट्यावरचं वजन नोंदवणारं आमच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर मोळी पूजनाच्या मुहूर्तावर सुरू व्हायचं होतं. एकदा हंगाम लागला की कॉम्प्युटर बंद ठेवता येत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेलही, आदल्या दिवशीच बदलावा, असं मी ठरवलं. काट्यावर जन्म काढलेले काका म्हणाले, "चालतंय की, सायेब. हंगाम उरकू द्या, मग लावा हात." मी हसलो आणि बदलला. पूजा झाली, उसाच्या गाड्या काट्यावर चढल्या, आणि प्रत्येक गाडीला पडद्यावर पहिल्याच गाडीचं वजन दिसू लागलं. नवा कर्नेल काट्याचं वजन कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या जुन्या कार्डाशी जुळलाच नव्हता. "काटा मारला!" म्हणत लोकांनी काकांची गचांडी धरली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी गुपचूप जुना कर्नेल परत चढवला. दुपारी काटा नीट चालला, म्हणजे सकाळी काकांनीच लबाडी केली, असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्यांना काट्यावरून उठवलं. नवं सॉफ्टवेअर चालू केलं म्हणून मला हार घातला. रिलीजच्या तोंडावर कर्नेल बदलायचा नसतो, हे आता मी ऑफिसातल्या नव्या पोरांना ठासून शिकवतो. मला ते कुणी सांगितलं होतं, हे मात्र सांगत नाही.