व्याख्येबाहेरचं घर

आमच्या विधी महाविद्यालयात पर्यावरण कायदा शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'कलमताई' म्हणायचे. चहा थंड आला तरी कुठल्या कलमाचा भंग झाला ते सांगायच्या. बावीस वर्षं मी त्यांचे लेख टाइप केले. परवा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणांत जो तो त्यांच्या त्या प्रसिद्ध व्याख्येचे गोडवे गात होता. माझं डोकं फिरलं, म्हणून उरलेलं मी सांगते.

आठशे कुटुंबांची घरं एका वादळात गेली होती, तेव्हाची गोष्ट. हवामानामुळे विस्थापित कोणाला म्हणायचं, हे कायद्यात कुठेच नव्हतं. ते बाईंनी एका लेखात लिहिलं: ज्याचं घर एकाच आपत्तीत नष्ट झालं, तो. टाइप करताना मी विचारलं होतं, "आणि ज्यांची जमीन समुद्र दरवर्षी थोडी थोडी खातो, ते?"

"त्यांना आत घेतलं की सरकारी वकील फाटे फोडत बसेल. आधी ही आठशे घरं पदरात पाडून घेऊ. त्यांचं पुढच्या लेखात बघू."

कोर्टाने ती व्याख्या उचलली, घरं मिळाली. बाई प्राध्यापक झाल्या, परदेशी परिषदांना जाऊ लागल्या. व्याख्या निकालामागून निकालात उतरत गेली. पुढचा लेख तेवढा राहिला.

बाईंचे थोरले भाऊ किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करायचे. समुद्राने आधी त्यांचं अंगण नेलं, मग कामाची शेड, गेल्या वर्षी स्वयंपाकघराची भिंत. त्यांनी पुनर्वसनाच्या जागेसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला, बहिणीच्याच वाक्याचा दाखला देऊन.

अपिलात बाई साक्षीला उभ्या राहिल्या. फायली घेऊन मी मागे बसले होते. न्यायाधीश माणूस सभ्य. म्हणाले, "अशी घरं नजरचुकीने राहून गेली असतील, तर व्याख्या रुंद करता येईल. जाणूनबुजून वगळली असतील, तर आमचे हात बांधलेले आहेत. लिहिताना ती तुमच्या लक्षात होती का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी तर मनातल्या मनात म्हणूनही टाकलं. अजूनही मला वाटतं, बाईंनी म्हणायला हवं होतं.

"लक्षात होती," बाई म्हणाल्या. "मीच वगळली."

अपील गेलं. भाऊ बाहेरच्या बाकावर बसले होते. बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मला तिथे उभं राहवेना, पण फायली मी त्यांच्याच पायाशी ठेवल्या होत्या.

मग भाऊच म्हणाले, "तू ते लिहीत होतीस ना, तेव्हा मी तुला सांगितलं होतं का गं, अंगण जातंय म्हणून?"

"सांगितलं होतंस, दादा. दोनदा."

त्यांनी हळूच मान हलवली.

"मग ठीक आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच सांगायला विसरलो."