पीटरची आई

पीटरची आई गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आमच्या लीड्सच्या ऑफिसात नेहमीसारखा सगळ्यांचा चहा करताना दिसला.

“अंत्यविधी कधी?” मी चाचरत विचारलं.

“पुढच्या महिन्यात. त्याआधी तारीख मिळत नाही. घरी बसून तरी काय करू?”

साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो ढवळतच राहिला. मनात म्हटलं, काय माणसं ही! आई शवागारात, नि हा चहा करतोय. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत सगळं आटोपतात.

आटोपलंच होतं. बाबा गेले तेव्हा मी इथून धावतपळत घरी पोचलो, तर भिंतीशी नुसता हार घातलेला फोटो. “किती वेळ ठेवणार रे?” काका म्हणाले होते.

पाच वाजता पीटरनं कोट चढवला. “निघतो. वाटेत आईला बघून जाईन.”