एकशेबारा नंबरची मैत्रीण

टेलिफोनबाईंना माणसं नावानं आठवत नसत, नंबरानं आठवत. भोकरदनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी पंधरा वर्षं गावाच्या तारा हातानं जोडल्या. आमचं कापडाचं दुकान एकशेचाळीस, म्हणून भर बाजारात मी 'एकशेचाळीसचं पोरगं'. तहसीलदार म्हणजे तीन. "तीन आज तापलेत," एवढं बाई म्हणाल्या की गाव दोन दिवस कचेरीकडे फिरकत नसे.

एकशेबारा मात्र खास. ते बांगडीवाल्या शाहेदाआपांचं दुकान. दुपारी दोनला लाइन थंडावली की बाई स्वतःची तार तिकडे जोडायच्या. विषय एकच, आज भाजी काय केली. अशाच एका दुपारी मी वडिलांसाठी घाईचा ट्रंककॉल मागितला, तर उत्तर आलं, "दम धर. इथं वांगं शिजून राह्यलंय."

मग एक्स्चेंजमध्ये यंत्र आलं आणि बाईंचं काम संपलं. यजमान गेले, मुलगी पुण्याला गेली, आपांना जाऊनही बारा वर्षं झाली. मुलीचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस त्या घरात फक्त कुकर बोलायचा. मी नोकरीच्या जालन्याहून गावी गेलो की खोड्या काढत त्यांची परीक्षा घ्यायचो. टॉकीज? अडुसष्ट. दवाखाना? एकवीस. धाडधाड उत्तरं. गेल्या दिवाळीत सहज विचारलं, तुमचा स्वतःचा? बाई मोबाइल उलटापालटा करून त्यावर नंबर शोधू लागल्या. मी विनोद करून वेळ मारून नेली.

उन्हाळ्यात मी तिथं बसलेलो असताना दारात दोन पोलीस आले. एकशेबारा आता पोलिसांच्या मदतीचा नंबर, आणि बाई मोबाइलवरून रोज दोनला तोच लावत होत्या. "आम्ही विचारतो, काय अडचण आहे? तर आजी विचारतात, भाजी काय केली?" त्यातला एकजण म्हणाला. मला हसू आवरेना. तो हसला नाही. खरंच संकटात असलेल्याचा फोन अडतो, आजींकडून मोबाइल काढून घ्या, असं त्यानं नीट समजावलं. बाई माझ्या कानाशी आल्या. "शाहेदाच्या दुकानात पोलीस कशाला बसलेत रे?"

माझं हसू तिथंच वाळलं.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले, स्मरण चाललंय, आणि एकटेपणानं ते जास्त जल्दी जाईल. फोन काढू नका, रोज कुणीतरी बोला. मुलीनं बजावलं, पुन्हा पोलीस आले तर आईला पुण्याला नेईन. चौथ्या मजल्यावर, दिवसभर कुलपात. तेव्हा मी ठरवलं, बाईंनी फोन लावायच्या आत आपणच लावायचा, रोज दोनला दहा कमी असताना. आणि गणपतीतल्या नाटकांत बायकांची कामं केलेला माणूस मी. पहिल्याच दिवशी मोह आवरला नाही. आपांचा आवाज काढला, "क्या पकाई गे आज?"

मग बाई सुटल्या त्या चाळीस मिनिटं.

तीन महिने मी एमआयडीसीतल्या ऑफिसचं दार लावून शाहेदाआपा झालो. साहेब आत कुणाला भेंडी शिकवून राह्यलेत, अशी बाहेर चर्चा. पोलिसांना फोन जाणं थांबलं. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मागच्या आठवड्यात बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"एक विचारू का? शाहेदा न्हाई आता, ते मला माहीत आहे. मी तिच्या मयतीला गेल्ते. तुम्ही आवाज बराबर काढता, मला बरं वाटतं म्हणून बोलते मी. पण तुम्ही कोण, ते काही केल्या आठवंना."

मी नाव सांगितलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. उद्या पण लावा."

मी रोज लावतो. आधी माझं नाव सांगतो, मग शाहेदा होतो.