हुंगलेला हार

राजापेठेत मी रोज सकाळी ज्या बाईंकडून हार घेतो, त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. मी मावशी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. देवाचं फूल हुंगू नये, हा त्यांचा कडक नियम. कुणी शेवंती नाकाशी नेली की त्या खेकसत, "काहून हुंगून राहिले? देवाले उष्टं वाहता काय?" आणि ते फूल फेकून देत.

गेल्या महिन्यात त्यांची तरणी लेक तापानं गेली. तेरवी झाल्यावर त्या पुन्हा दुकानावर बसल्या. पाहतो तर प्रत्येक फूल नाकाशी नेऊन, सावकाश हुंगून मगच सुईत ओवत होत्या.

"मावशी, हे काय?"

"त्यानं माही पोरगी नेली, तवा मले इचारलं नाही. आता मीबी त्याले इचारत नाही."

"मग त्याच्यासाठी हार तरी कशाला करता?"

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि हार माझ्या हातात दिला. "राग आला म्हणून त्याले बिनहाराचा ठेवू काय, भाऊ?"

घरी देवाला घालण्याआधी मीही तो हार एकदा हुंगला.