कापलेल्या जागी बघू नकोस

सदाशिव गेल्याची बातमी मला दूधवाल्याने दिली, तीही तेलुगूत. "सार पोयारु," म्हणाला आणि माप ओतून पुढच्या दारी गेला. तरुणपणापासूनची आमची मैत्री, आणि ती संपल्याचं मला दुसऱ्याच्या भाषेत कळावं... त्या सकाळी मला दूधवाल्याचाच राग आला. राग कुठेतरी काढावाच लागतो.

आम्ही दोघं हैदराबादेत विद्यानगरच्या एकाच गल्लीतले. तो विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी महसूल खात्यात. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा गल्लीतली मराठी घरं एकेक करून औरंगाबाद-नांदेडकडे निघाली. अफझलगंजच्या लॉऱ्या येत आणि पाटा-वरवंट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं भरून नेत. मी राहिलो तो आळसापोटी, सदाशिव राहिला तो त्याच्या माशांपायी.

त्याचा विषय यकृत. शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे त्याच्या तोंडी 'जिगर'च. मासा, बेडूक, सरडा, उंदीर, ज्याला त्याला भूल देऊन यकृताचा एक भाग काढायचा, टाके घालायचे आणि ते पुन्हा भरतं कसं ते बघायचं. "आपलं तुटलेलं बोट उगवत नाही. पालीला शेपूट येते, सरड्याला येत नाही. पण जिगर? माशापासून तुझ्यापर्यंत सगळ्यांनी हे कसब राखलंय. का, सांग." मी काय सांगणार, कपाळ. मग तोच सांगे. खाण्यातलं विष आधी यकृत झेलतं. रोज मार खाणाऱ्याला भरून निघता आलं नाही, तर ते जनावर पिल्लं होईपर्यंत जगायचं कसं? ज्यांचं भरून आलं, त्यांचाच वंश पुढे चालला. फायलीत जन्म गेलेल्या मलाही हे पटायचं.

पहिल्या उंदराने मात्र त्याला चांगलंच फसवलं. काही दिवसांनी उघडून बघतो, तर कापलेल्या जागी काहीच नाही. बिचाऱ्या सदाशिवला जेवण जाईना. मग सहज वजन केलं, तर यकृत जवळपास पूर्वीएवढंच भरलं. गेलेला भाग आलाच नव्हता, उरलेले भाग वाढून त्याचं काम करत होते.

तेव्हा समोरच्या घराला नुकतंच कुलूप लागलं होतं आणि मी संध्याकाळभर त्या कुलपाकडे बघत पायरीवर बसायचो. सदाशिव म्हणाला, "कापलेल्या जागी बघू नकोस. तिथं काही येत नसतं. उरलेल्यांनी वाढायचं."

"उंदराला शेजारी नसतात," मी म्हणालो. तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी येऊन बसू लागला.

पुढे त्याने आपल्याच विभागातल्या सुशीलाबाईंशी लग्न केलं. त्या तेलुगू. बैठक मग त्याच्या घरी हलली. मी वहिनींशी दखनी उर्दूत दोन शब्द बोलायचो, त्या चहा ठेवून आत जायच्या, आणि आम्ही दोघं मराठीत मनसोक्त भांडायचो. वर्षानुवर्षं हेच.

आता माझी मुलं परगावी, नातवंडांची मराठी फोनवरच्या नमस्काराला संपते. मी एकटा पडलोय, सरळच लिहितो. उरलेल्यांनी वाढायचं, कबूल. पण उरलेला एकच असेल तर? हे विचारायलाही तोच हवा होता...

तेराव्यानंतर त्या घरी पाऊल टाकवेना. गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला म्हणून गेलो. त्याच्या खोलीत माशांच्या काचेच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. "कैसे हैं भाभी?" मी सवयीने विचारलं.

"माझ्याशी मराठी का नाही बोलत तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. हेल तेलुगू, पण शब्द आमचे. "जेवताना ते रोज मराठीच बोलायचे. मी चुकली तर हसायचे नाही."

मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो.

"आता माझी मराठी कोण ऐकणार? मुलगा म्हणतो, अम्मा, कशाला ते? तुम्ही उद्यापण या. मी चुकली तर सांगा."

त्यांनी चहा ठेवला. मला वाटलं, आता आत जातील. त्या सदाशिवच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बोला."