पापणीवरचं सोनं

आमच्या घराण्यात पुरुष म्हातारे होत नव्हते.

आजोबा चाळिशीत गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, चव्वेचाळीसला. कोडोलीच्या मळ्यात, उसाला पाणी पाजताना छातीत कळ येऊन. आज त्यांना जाऊन कैक वर्षं झाली.

पण आज मी रडणार न्हाय. आज मी लई खुशीत हाय. का ते सांगतेच.

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर अण्णांनी कधी घास खाल्ला नाही. आणि शेजारचे तात्या बुधवार-रविवार मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून ऐंशी ओलांडली तरी सायकल हाणतात. आई म्हणायची, "नशीब हाय आपलं."

अण्णांच्या पापणीवर पिवळा ठिपका होता. दादाच्या पण. माझ्या पण. आत्या कौतुकानं सांगायची, "सोनं लागलंय डोळ्याला. आपल्या घराण्याची खूण हाय ती."

मागं शाहूपुरीत चष्म्याचा नंबर काढायला गेलते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हे पिवळं कधीपासून आहे?"

मी ऐटीत, "घराण्याची खूण हाय की. वडिलांना पण होती."

"वडील कसे आहेत?"

सांगितलं. आजोबांचं पण सांगितलं. मॅडमनी टॉर्च खाली ठेवला.

"भाऊ आहे? त्याला आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा."

ते सोनं म्हणजे कोलेस्टेरॉल निघालं. जीनमधूनच आलेलं. कितीही साधं खा, आमचं लिव्हर ते रक्तातनं नीट उपसतच नाही.

दादा ऐकेना. "मी रात्रीचं जेवत न्हाय. मला कसलं कोलेस्टेरॉल? येडी हाईस काय?"

"अण्णा तरी कुठं जेवत होते?"

त्यानं गाडीची किल्ली घेतली.

मोठा ब्लॉकेज निघाला. स्टेंट बसला, त्याच्या न् माझ्या पण गोळ्या सुरू झाल्या. त्याच्या लेकीत पण तो जीन आलाय. पण आता आम्हाला ठाऊक हाय, तिचं औषध वेळेत सुरू झालंय.

आणि ह्याच आठवड्यात दादानं पंचेचाळीस पूर्ण केली. आमच्या घरातला पहिला गडी!

सकाळी अण्णांच्या फोटोला हार घालताना आई दादाच्या कानावरच्या पांढऱ्या केसांकडं बघत राहिली.

"ह्यांचं बी असंच पिकलं असतं," म्हणाली.

भावकीतल्यांनो, पोस्ट वाचून झाली की आरशात पापण्या बघा. आणि रक्त तपासून घ्या.

अण्णा, तुमचा लेक म्हातारा व्हायला लागलाय.
आता निवांत राहा.